जाड पत्रा जीव वाचवत नाही

१९५४ सालची मर्सिडीज ३०० एसएल आणि १९९२ साली आलेली मॅकलारेन एफ१ यांची तुलना करणारा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. जुनी गाडी अस्सल लोखंडाची म्हणून सुरक्षित, नवी प्लॅस्टिकची आणि संगणकाच्या जिवावर पळणारी, शिवाय जुनीच १३.५ कोटी युरोंना विकली गेली, असा त्याचा आशय आहे. तो वाचून माझ्या भाच्याने आपल्या जुन्या फियाटला सीटबेल्ट बसवण्याचा बेतच रद्द केला. "मामा, पट्टा कशाला? सगळं लोखंडच हाय की," असे तो म्हणाला, म्हणून हे लिहावे लागते आहे.

मुळात ३०० एसएलचे बॉनेट, दरवाजे आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे होते. पण खरा घातक भाग आहे तो "जाड पत्रा वाचवतो" हा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत काम केलेल्या कोणालाही विचारा: बिडाचे जाडजूड कास्टिंग हातातून फरशीवर पडले की कोपरा टणकन तुटतो आणि आतला करडा दाणा दिसतो. जाडी म्हणजे धक्का सोसण्याची ताकद नव्हे. धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या भागाने चेपत जाऊन गिळायचा असतो आणि माणूस बसतो तो पिंजरा शाबूत राहायचा असतो. या तत्त्वावर बांधलेली मर्सिडीज १९५९ साली आली, म्हणजे ३०० एसएलनंतर पाच वर्षांनी. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ साली १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. बेल एअरचा केबिन चिरडला आणि तिचा चालक जागीच गेला असता, तर मालिबूच्या चालकाला पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावले असते. ही चित्रफीत भाच्याने एकदा डोळे उघडून पाहावी.

ज्याला प्लॅस्टिक म्हटले आहे तो कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या धाग्यांपासून बनवलेला हलका पण भक्कम पदार्थ आहे. 'मिस्टर बीन' साकारणारे रोवन ॲटकिन्सन यांची एफ१ २०११ साली झाडावर आदळून मोडली, तरी ते खांद्याच्या दुखापतीनिशी बाहेर आले. मात्र त्या दुरुस्तीला ९ लाख पौंडांहून अधिक खर्च आला, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातला डेंटर ठोकून सरळ करू शकेल असा पत्रा जुन्या गाडीला असतो, एवढे मान्य करावेच लागेल.

संगणकाचा मुद्दा तर साफ खोटा आहे, कारण एफ१ला ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारे एबीएस नाही, वेग घेताना चाके घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल नाही आणि पॉवर स्टिअरिंगही नाही. १३.५ कोटी युरोंना विकली गेलेली गाडी ३०० एसएल नव्हे, तर ३०० एसएलआर ही वेगळीच गाडी होती. तशा बंद टपाच्या दोनच बनल्या, आणि ३०० एसएलच्या तशा गाड्या १,४०० बनल्या.

भाच्याच्या फियाटला पट्टे बसेपर्यंत ती कोल्हापूरच्या वेशीवरच्या तावडे हॉटेलच्या पुढे हायवेवर घालायची नाही, असे मी त्याला बजावले आहे.