परदेशात कॉन्फरन्स घ्या, पण आधी समितीला कॅलेंडर दाखवा

'अजून चार महिने आहेत की!' हे वाक्य यापुढे कोणी माझ्यासमोर उच्चारलं, तर मी त्याला हॉटेलचा करार मोठ्याने वाचायला लावणार आहे. अख्खा. बारीक अक्षरांसकट.

परदेशात मोठी कॉन्फरन्स भरवायची म्हटलं की समितीतल्या प्रत्येकाच्या अंगात येतं. शहर कोणतं, व्यासपीठावर कोण बसणार, कोणाचं नाव कोणाच्या वर छापायचं, यावर तासन्‌तास काथ्याकूट. मी विचारलं, 'खोल्या किती धरायच्या?' की सगळ्यांच्या माना फोनमध्ये. मग कोणीतरी डोकं वर न करता म्हणणार, 'धरा हो भरपूर, लोक येतीलच.'

हॉटेल एकगठ्ठा खोल्या राखून ठेवतं ते समाजसेवा म्हणून नाही. आमच्या करारात स्पष्ट होतं: राखलेल्यांपैकी 80 टक्के खोल्या भरल्याच पाहिजेत, कमी भरल्या तर फरकाचे पैसे आयोजकांनी द्यायचे. शिवाय एक कट-ऑफ तारीख. ती उलटली की उरलेल्या खोल्या हॉटेल कोणालाही, कोणत्याही दराने विकायला मोकळं. हे मी बैठकीत सांगितलं, ईमेलने कळवलं, ग्रुपवर पिन करून ठेवलं. तरी आमचे प्रतिनिधी म्हणतात, 'आधी व्हिसा हातात येऊ दे, मग खोलीचं बघू.' अहो, व्हिसाच्या अर्जात राहण्याची सोय दाखवावी लागते! आणि कट-ऑफ उलटल्यावर तेच महाशय फोन करतात, 'मॅडम, आमची खोली तुम्ही ठेवली असेलच ना?'

व्हिसाबद्दल तर बोलूच नये. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, शंका निघाली तर 45 पर्यंत. त्यात अपॉइंटमेंट मिळण्याची रड वेगळी. पासपोर्ट परतीनंतर किमान 3 महिने चालणारा हवा, त्यात 2 पानं कोरी हवीत, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा. यातलं काहीही गुपित नाही. तरी महिनाभर आधी ईमेल येते, विषय: 'अर्जंट!!!' आत एकच ओळ, 'निमंत्रणपत्र पाठवा.' सोबत पासपोर्टचा फोटो, त्यात अर्ध्या नंबरावर स्वतःचाच अंगठा. एका ज्येष्ठ वक्त्यांनी तर पत्रावर नावाआधी डॉक्टर, नावानंतर दोन पदव्या, आणि पासपोर्टवर नसलेलं टोपणनाव एवढं सगळं घालायचा हट्ट धरला. मी म्हटलं, 'सर, पत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं.' तर म्हणे, 'मला सगळे याच नावाने ओळखतात.' ओळखत असतील सर. पण वकिलातीतल्या खिडकीमागचा माणूस तुम्हाला ओळखत नाही.

आता सामानाची गोष्ट, जिच्यामुळे माझं डोकं अजून ठणकतंय. परदेशात तात्पुरतं सामान न्यायचं आणि परत आणायचं असेल, तर एटीए कार्ने नावाच्या कस्टमच्या कागदाची सोय आहे. 1961 च्या करारातून आलेली, वर्षभर चालणारी, उत्तम व्यवस्था. आयातशुल्क भरावं लागत नाही. मात्र प्रत्येक वस्तूची यादी, अनुक्रमांक, वजन, किंमत, सगळं बिनचूक लागतं, आणि जाताना-येताना प्रत्येक सीमेवर शिक्का. एक शिक्का राहिला तरी शुल्काची नोटीस येऊ शकते. दुसरं म्हणजे जे वाटून संपणार ते या कागदावर चालत नाही. माहितीपत्रकं, भेटवस्तू, काहीच नाही. त्यांची कागदपत्रं वेगळी.

मी रात्री उशिरापर्यंत बसून स्क्रीन, बॅज छापायचे प्रिंटर, केबल, सगळ्यांची यादी करून पेट्या सील केल्या. सकाळी एका उत्साही सभासदांनी त्याच पेट्या उघडून स्मृतिचिन्हं कोंबली. का? 'जागा रिकामी होती, म्हटलं वेगळा खर्च कशाला.' कस्टमच्या अधिकाऱ्याने पेटी उघडली, हातातली यादी वाचली, एक चकचकीत स्मृतिचिन्ह वर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! ते उत्साही सभासद तोवर हॉटेलात चेक-इन करून आराम करत होते. पेट्या अडकल्या, आणि उद्घाटनाच्या सकाळी आम्ही बॅज हाताने लिहिले. मग रांगेतून तक्रार, 'एवढी मोठी कॉन्फरन्स, आणि साधे छापील बॅज नाहीत?'

दुभाष्यांवरून झालेला वाद थोडक्यात सांगते. एकाच वेळी भाषांतर करणारे दुभाषी जोडीने बसतात आणि साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने आलटून पालटून बोलतात, कारण त्या कामात मेंदू पिळून निघतो. आमचे खजिनदार म्हणाले, 'दोघांपैकी एक नुसताच बसलेला असतो, एकाचेच पैसे द्या.' मी त्यांना सुचवलं की तुम्ही स्वतः दहा मिनिटं बूथमध्ये बसून बघा. बसले नाहीत, पण प्रश्न पुढच्या बैठकीत पुन्हा मांडलाच.

आणि वेळा! अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत दोन्हीकडचा फरक तासाने बदलतो. ही सूचना दोनदा पाठवूनही ऑनलाइन बैठकीला निम्मी मंडळी तासभर उशिरा येणार, आणि वर विचारणार, 'सुरू केलंत पण?'

काल हॉटेलचं अंतिम बिल आलं. न भरलेल्या खोल्यांची रक्कम बघून अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं, 'ही अट कोणी मान्य केली? चौकशी व्हायला हवी.' मी कराराच्या शेवटच्या पानाचा फोटो काढून टाकला. सही अध्यक्षांचीच आहे, ठळक, तारखेसकट. सगळ्यांनी वाचलंय. उत्तर एकाचंही नाही. खजिनदारांनी तेवढा अंगठा दिलाय.