‘निकाल ठरलेलाच असतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ब्रिटनमध्ये निवडणुकीची चाहूल लागली की तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. दरवेळी शब्द थोडे बदलतात, सूर तोच राहतो. इथला मतदार पंतप्रधान निवडतो, तेव्हा फक्त नेता बघा. टीव्हीवरच्या वादात कोण सरस ठरलं ते बघा. जनमत चाचण्या नेहमी तोंडावर आपटतात, २०१५ आणि २०१७ आठवा. खरं काय ते सट्टेबाजांना कळतं. आणि शेवटी, निकाल ठरलेलाच असतो. त्यातून आपण भारतीय पासपोर्टवाले, आपल्या मताने काय होणार?

या मजकुरात थोडं खरं आहे, म्हणून तो पटतो आणि पुढे पाठवला जातो. पण त्याचा शेवट आपल्याच माणसांना मतदानाच्या दिवशी घरी बसवणारा आहे. मला तो घातक वाटतो.

पहिल्यांदा नेत्याचं बघू. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर पंतप्रधानपदाचा उमेदवार नावाचा प्रकार नसतो. तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं असतात आणि त्यांच्या पक्षांची. २०२४ मध्ये मजूर पक्षाचे नेते कीअर स्टार्मर यांचं नाव फक्त होबर्न अँड सेंट पँक्रसच्या मतपत्रिकेवर होतं, तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचं रिचमंड अँड नॉर्थॲलर्टनच्या. बाकीच्या देशाने आपापला खासदार निवडला. हा तांत्रिक फरक नाही. टेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक हे चौघेही पहिल्यांदा पंतप्रधान झाले ते सार्वत्रिक निवडणुकीशिवाय. ट्रस यांना सुमारे ८१ हजार पक्षसदस्यांच्या मतांनी खुर्ची मिळाली. सुनक यांच्या वेळी तर सदस्यांच्या मतदानाचीही वेळ आली नाही. नेत्याकडे बघून मत दिलेल्या माणसाचा नेता पाच वर्षं टिकेलच याची हमी तिथली व्यवस्था देत नाही. निवडलेला खासदार मात्र बहुधा तोच राहतो.

लोकप्रिय नेता जिंकतोच, हेही इतिहासाला मान्य नाही. मे १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध नुकतंच जिंकलेलं असताना, गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या चाचणीत दहातले आठांहून अधिक लोक चर्चिल यांच्यावर खूश होते. जुलैमध्ये त्यांच्या हुजूर पक्षाचा दारुण पराभव झाला आणि ॲटली यांच्या मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. लोकांना युद्ध जिंकणारा माणूस आवडत होता, पण घरं, नोकऱ्या आणि आरोग्यसेवा यांसाठी त्यांना दुसरा पक्ष हवा होता. मजूर पक्ष पुढे असल्याचं तेव्हा गॅलपच्याच चाचण्या दाखवत होत्या. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९७९ मध्येही मजूर पक्षाचे पंतप्रधान जेम्स कॅलहन वैयक्तिक पसंतीत हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांच्या बरेच पुढे होते. निवडणूक थॅचर जिंकल्या. नेत्याचा परिणाम होतच नाही असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्याविषयीची नाराजी मजूर पक्षाला नक्कीच भोवली. पण ‘फक्त नेता बघा’ हा सल्ला चुकीचा आहे.

टीव्हीवरच्या वादाबद्दल एकच उदाहरण पुरे. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पक्षनेत्यांचा टीव्हीवर वाद झाला. लिबरल डेमोक्रॅट्सचे निक क्लेग यांनी तो गाजवला, त्यांचा पक्ष चाचण्यांमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास गेला. प्रत्यक्षात मतं पडली २३ टक्के, आणि जागा ६२ वरून ५७ वर आल्या.

आता चाचण्या. इथे जरा थांबायला हवं, कारण मजकुराचा सगळ्यात बळकट मुद्दा हाच आहे.

२०१५ मध्ये चाचण्या चुकल्या, आणि वाईट चुकल्या. शेवटच्या दिवसापर्यंत दोन्ही मोठे पक्ष बरोबरीत दिसत होते. निकालात हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे निघाला आणि डेव्हिड कॅमेरन यांना स्पष्ट बहुमत मिळालं. या चुकीची किंमतही मोजावी लागली. सगळे त्रिशंकू संसद गृहीत धरून बसले होते, त्यामुळे प्रचारातले कित्येक दिवस मजूर पक्ष स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या टेकूवर सरकार बनवणार का, याच चर्चेत गेले. मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड हे स्कॉटिश नॅशनल पार्टीचे ॲलेक्स सामंड यांच्या खिशात बसलेत असं दाखवणारं हुजूर पक्षाचं पोस्टर त्याच अंदाजांवर उभं होतं. चुकीच्या अंदाजाने प्रचाराचा विषयच बदलून टाकला, ही तक्रार खरी आहे आणि ती मी पूर्णपणे मान्य करतो.

पण पुढे काय झालं ते मेसेजमध्ये नसतं. सर्वेक्षण संस्थांच्या संघटनेने प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसवली आणि २०१६ मध्ये अहवाल जाहीर केला. लोक खोटं बोलले, किंवा ऐन वेळी मन बदललं, ही लोकप्रिय कारणं मुख्य ठरली नाहीत. मुख्य कारण निघालं नमुन्याचं. फोनवर किंवा ऑनलाइन सहज सापडणारे लोक आणि एकूण मतदार यांत फरक होता. राजकारणात रस असलेले तरुण नमुन्यात जास्त आले, वयस्क मतदार कमी आले, आणि परिणामी मजूर पक्षाचे समर्थक जास्त मोजले गेले.

२०१७ मध्ये काही संस्थांनी ही चूक टाळायला जाऊन उलटी चूक केली. तरुण मतदानाला येत नाहीत असं धरून त्यांनी आकडे दुरुस्त केले. आयसीएम या संस्थेने शेवटी हुजूर पक्षाला १२ टक्क्यांची आघाडी दाखवली, सर्व्हेशनने एक टक्क्याची. प्रत्यक्षात ती अडीच टक्क्यांच्या आत राहिली. म्हणजे ‘चाचण्या चुकल्या’ हे वाक्यसुद्धा पुरतं खरं नाही. काही चुकल्या, एक जवळपास बरोबर होती. यूगव्हने मतदारसंघनिहाय अंदाज बांधणारी एमआरपी पद्धत वापरून त्रिशंकू संसदेचा अंदाज आधीच दिला होता. तेव्हा त्यावर बरीच टीका झाली, आणि संसद त्रिशंकूच आली.

त्या वर्षीची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. एप्रिलमध्ये पंतप्रधान टेरेसा मे यांनी निवडणूक जाहीर केली तेव्हा त्यांची आघाडी वीस टक्क्यांच्या आसपास होती. जूनमध्ये ती विरली. हा चाचण्यांचा दोष म्हणायचा का? वयस्कांच्या देखभालीचा खर्च त्यांच्या घराच्या किमतीतून वसूल करण्याची योजना हुजूर पक्षाने जाहीरनाम्यात टाकली, लोक खवळले, आणि चार दिवसांत मे यांना त्यात बदल जाहीर करावा लागला. सात आठवड्यांत मतदारांनी ऐकलं, वाद घातला, मत बदललं. एप्रिलचा आकडा एप्रिलचा होता. त्याला जूनचं भाकीत समजणं ही आपली चूक.

२०१९ मध्ये चाचण्या बऱ्याच अचूक आल्या. ती आठवण कोणी पुढे पाठवत नाही. २०२४ मध्ये विजेता बरोबर सांगितला, पण मजूर पक्षाची आघाडी बरीच फुगवून दाखवली. सर्व्हेशनच्या अंदाजात त्यांना ४८४ जागा होत्या, मिळाल्या ४११. मतं पडली जेमतेम ३४ टक्के.

मागे-पुढे झालेल्या या चुका एका दिशेच्या नाहीत. २०१५ मध्ये हुजूर पक्षाला कमी मोजलं, २०१७ मध्ये मजूर पक्षाला कमी, २०२४ मध्ये मजूर पक्षाला जास्त. म्हणून ‘चाचणी जे सांगते त्याच्या उलट होतं’ हाही नियम बनत नाही. हजारेक लोकांच्या चाचणीत तीन टक्के इकडे-तिकडे होणं हिशेबातच धरलेलं असतं. ४० आणि ३८ मधल्या फरकावरून रात्रभर भांडण्यात अर्थ नाही. ४० आणि २५ मधला फरक मात्र काहीतरी सांगत असतो.

आपल्या लोकांचा चाचण्यांवरचा राग मला समजतो. ४ जून २०२४ ला भारतात निकाल लागले तेव्हा बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेच्या वर नेलं होतं आणि आकडा २९३ वर थांबला. पण बरोबर एका महिन्याने, ४ जुलैच्या रात्री दहाला, ब्रिटनच्या एक्झिट पोलने मजूर पक्षाला ४१० जागा दिल्या. ही चाचणी वेगळ्या रीतीने होते. निवडक मतदान केंद्रांबाहेर पडणाऱ्या मतदारांना नकली मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात, आणि शक्यतो गेल्या वेळच्याच केंद्रांवर जाऊन बदल किती झाला ते मोजतात. तीही सगळीकडे बिनचूक नव्हती. रिफॉर्म यूके या पक्षाला १३ जागा दाखवल्या होत्या, मिळाल्या पाच. तरी एका देशातल्या एक्झिट पोलचं अपयश दुसऱ्या देशाच्या माथी मारता येत नाही.

सट्टेबाजांचं काय? २०१५ मध्ये त्यांनाही हुजूर पक्षाचं बहुमत अवघड वाटत होतं. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात तर शेवटच्या काही ऑनलाइन चाचण्या बाहेर पडण्याची बाजू किंचित पुढे दाखवत होत्या, आणि सट्टाबाजार मतदानाच्या दिवशीही युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने ठाम होता. सट्ट्याचा भाव लावणारी माणसंही त्याच चाचण्या आणि तीच वर्तमानपत्रं वाचतात. त्यांच्याकडे कधी खरोखर आतली माहिती असते, तेव्हा तो गुन्हा ठरू शकतो. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तारखेवर आधीच पैज लावल्याप्रकरणी पंतप्रधानांच्या एका निकटवर्ती खासदारासह अनेकांची चौकशी सुरू झाली होती.

आणि आता तो शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

देशभरातली टक्केवारी म्हणजे निकाल नव्हे. तिथे ६५० वेगवेगळ्या निवडणुका होतात. २०२४ मध्ये रिफॉर्मला १४ टक्के मतं आणि पाच जागा मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्के मतं आणि ७२ जागा. ही पद्धत मला न्याय्य वाटत नाही. पण ती आहे तोवर मताची किंमत तुमच्या मतदारसंघात ठरते, आणि ती किंमत कधी कधी प्रचंड असते. उत्तर लंडनमधल्या हेंडनमध्ये त्या वर्षी मजूर पक्षाचा उमेदवार १५ मतांनी जिंकला. पूलमध्ये फरक १८ मतांचा होता. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या नॉर्थ ईस्ट फाइफमध्ये तर दोन मतांचा. देशभर मजूर पक्षाची लाट असताना लेस्टर ईस्टमध्ये, जिथे भारतीय वंशाचे मतदार मोठ्या संख्येने आहेत, शिवानी राजा यांनी ती जागा हुजूर पक्षाला मिळवून दिली. देशाच्या आकड्यावरून हा निकाल सांगता आला नसता. त्या निवडणुकीत एकूण मतदान सुमारे ६० टक्केच झालं, २००१ नंतरचं सर्वात कमी.

राहिला पासपोर्ट. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मताचा अधिकार आहे, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. वर्षापूर्वी पुण्याहून शिकायला आलेली मुलगी, नर्स म्हणून आलेली नागपूरची बाई, वर्क व्हिसावरचा इंजिनिअर, सगळे यात येतात. तीस वर्षं लंडनमध्ये राहिलेल्या फ्रेंच माणसाला, ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं नसेल तर, हा अधिकार नाही. तुम्हाला तो आहे, आणि कित्येकांना हे माहीतच नाही.

नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, ऑनलाइन काही मिनिटांत होतं. मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी संपते. ४ जुलै २०२४ च्या मतदानासाठी ती १८ जूनला संपली होती. घर बदललं असेल तर नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि भाड्याच्या घरात राहणारे आपले लोक नेमके इथेच राहून जातात. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये आता केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.