चौदा इंचांची हौस आणि भावोजींची आल्टो

आज सकाळी फोंड्यातल्या एका टायरच्या दुकानात मी आल्टोसाठी बारा इंची लोखंडी रिमचा जुना सेट मिळेल का, एवढेच विचारायला गेलो होतो. बैलगाडीचा आख मागितल्यासारखे माझ्याकडे पाहत दुकानदार म्हणाला, "सर, बारा इंच हल्ली कोण घालतो? चौदाचे अलॉय बघा, गाडीला लूक येईल." त्याच वेळी त्याच्याकडे एक आल्टो जॅकवर चढवलेली होती आणि एक तरुण तिची कंपनीची, रबराचे केसही अजून न झडलेली चाके काढून बदल्यात देत होता. त्या चार चाकांचे त्याला किती मिळाले ते मी ऐकले, आणि तो निघून गेल्यावर तोच सेट मला देऊ करताना दुकानदाराने सांगितलेला भावही ऐकला. दोन आकड्यांमधले अंतर मी येथे लिहीत नाही, कारण रक्तदाबाची गोळी नुकतीच घेतली आहे.

सेट मला डिचोलीच्या भावोजींसाठी हवा होता. त्यांची आल्टो ८०० आहे, अगदी खालच्या मॉडेलची, म्हणजे पॉवर स्टिअरिंग नसलेली. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ही गाडी ते जपून वापरतात. माझ्या भाच्याने, म्हणजे त्यांच्या चिरंजीवांनी, तिला कोणाकडून तरी घेतलेले चौदा इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, आणि त्यांवर १६५/६५ आर १४ चे टायर चढवले. भावोजींना विचारले का, तर विचारले. पण ते विचारणे लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुहूर्त विचारण्याच्या जातीचे होते.

चतुर्थीला आमची सगळी मंडळी सत्तरीत नगरगावच्या बाजूला मूळ घरी जमतात. भावोजी गाडी चालवत होते, पुढे ताई, मागे तिघेजण, आणि डिकीत माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीचे, सामान: नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड. साखळी सोडून होंड्याच्या रस्त्याला लागल्यापासून प्रत्येक खड्ड्यात मागून खर्रर असा आवाज येऊ लागला. भावोजींना वाटले, नारळ सरकत आहेत. घरी पोहोचून त्यांनी चाकाच्या खोबणीत हात घातला तेव्हा बोटे काजळीसारख्या रबराच्या भुकटीने काळी झाली. टायरच्या खांद्यावर एक चकचकीत पट्टा घासला गेला होता आणि पत्र्याची आतली कड चांदीसारखी उघडी पडली होती. ज्याने चाके लावली तो त्या गाडीत नव्हता. तो वेर्ण्याला कामाची पाळी संपवून रात्री मोटारसायकलने आला.

आता हिशेब. आल्टोचा कंपनीचा टायर १४५/८० आर १२, त्याचा पूर्ण व्यास साधारण ५३७ मिलिमीटर. भाच्याने लावलेल्या टायरचा व्यास साधारण ५७०. म्हणजे चाक सहा टक्क्यांनी मोठे झाले आणि २० मिलिमीटरने रुंद झाले. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम जिथे गाडीला बसते ती जागा मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर, वेगळा असल्यामुळे चाक बाहेरही सरकले. रिकाम्या गाडीत हे कळत नाही. पाच माणसे बसली की मागचा भाग खाली बसतो आणि मग त्या वाढलेल्या चाकाला जागा उरत नाही. यात काही गूढ विद्या नाही, आकडे टायरच्या बाजूवर छापलेले असतात: आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचा व्यास इंचांत. आमच्या तालुक्यात तर उसगावला एमआरएफचा कारखाना असल्यामुळे टायरविषयी ठाम मत नसलेला माणूस भेटणे कठीण. तरीही दुकानात उभे राहून हा गुणाकार करणारा एकही मी पाहिलेला नाही.

सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण गाडीचे इंजिन ७९६ सीसीचे आहे. व्यास वाढला की प्रत्येक गिअर आपोआप तेवढा उंच होतो, म्हणजे त्याची ओढ कमी होते, आणि फर्मागुढीच्या चढावर जिथे दुसरा गिअर निमूटपणे ओढत असे तिथे क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. ब्रेक तेच जुने, पण आता त्यांना जास्त मोठे आणि जास्त वजनदार चाक थांबवायचे आहे. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ६४ ने पळत असते. मीटर कंपनीकडूनच थोडा जास्त दाखवणारा येतो, त्यामुळे फरक भरून निघतो, असे सांगणारे भेटतात, बरे, मान्य. भाचा मायलेज पडल्याची तक्रार करतो तेव्हा मला मात्र हसू येते, कारण १०० किलोमीटर कापले तरी त्याचा मीटर ९४ च मोजतो आणि थोडे मायलेज नुसत्या मोजणीतच हरवते. उरलेले खरोखरच हरवते.

आणि स्टिअरिंग! पॉवर नसलेले स्टिअरिंग, त्यावर रुंद टायर, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन गाड्यांच्या फटीत गाडी घालायची. भावोजी म्हणतात, "गाडी वळवताना विहिरीतून घागर ओढल्यासारखे वाटते." त्यांचा उजवा खांदा मुळातच दुखरा. हा खांदा कोणत्याही अलॉयच्या फोटोत दिसत नाही.

घासण्यावरचा इलाज तर मूळ दुखण्याहून भारी होता. मेकॅनिकने मागच्या मडगार्डची आतली कड हातोडीने ठोकून वर दुमडली आणि स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवले. आवाज कमी झाला. पण कडेचा रंग तडकला, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तडकलेल्या रंगाखाली काय होते ते आपल्यापैकी कोणाला सांगायची गरज नाही. बफरमुळे मागची बाजू इतकी ताठ झाली की ताई आता मागे बसायला तयार नसते. सत्तरच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग थरथरते ते वेगळेच. त्या रिमचे मधले भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागापेक्षा, मोठे आहे, त्यामुळे चाक हबवर नेमके मध्यावर बसत नाही, नुसते नटांच्या भरवशावर राहते. मध्ये बसवायची रिंग मिळते आणि ती महाग नसते, पण ती विकून दुकानदाराला काय मिळणार?

स्टेपनीचे तर विचारूच नका. ती अजून बारा इंचीच आहे. उद्या पुढचे चाक पंक्चर झाले तर एका बाजूला ५७० आणि दुसऱ्या बाजूला ५३७ घेऊन भावोजींनी डिचोली गाठायची आणि डिफरन्शिअलने, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरने, वाटभर दोन्ही चाकांची समजूत काढत बसायचे. शिवाय अलॉयचे नट लोखंडी रिमला बसतीलच असे नाही. हे काळोखात, पावसात, अनमोडच्या घाटात कळले म्हणजे काय होईल?

विरुद्ध बाजूनेही बोलायचे तर गाडी जमिनीपासून दीड सेंटीमीटरहून थोडी जास्त उचलली गेली, आणि आपल्या पंचायतींचे गतिरोधक पाहता तो फायदा नाकारता येत नाही. कोरड्या रस्त्यावर वळणात पकडही सुधारली असेल. पण गोव्यात वर्षाचे चार महिने रस्ता कोरडा नसतो, आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. हलक्या गाडीखाली तर आणखी लवकर.

"मग कंपनी स्वतः वरच्या मॉडेलला मोठी चाके कशी देते?" हा प्रश्न भाच्याने मला जेवणाच्या पानावर विचारला होता. देते ना. स्विफ्टचेच पाहा: खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४, वरच्याला १८५/६५ आर १५. गुणाकार केला तर दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखाच, दोनेक मिलिमीटरचा फरक. रिम वाढवली तेवढी टायरची भिंत कमी केली. मोठ्या रिमला माझा विरोध नाही. ज्याला करायचे त्याने व्यास राखावा, ऑफसेट जुळवावा, टायरवरचा भार निर्देशांक, म्हणजे तो किती वजन पेलेल ते सांगणारा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नसावा हे पाहावे आणि जुनी चाके घरात ठेवावी. मोटार वाहन कायद्याचे गाडीतल्या फेरफाराविषयीचे कलम ५२ आणि २०१९ च्या सुधारणेतला फेरफारामागे ५,००० रुपयांचा दंड चाकांना किती लागू होतो यावर वकील भांडोत. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मात्र तुमच्याशी आधी भांडेल.

हे सगळे तावातावाने लिहिताना मला तो पोरगाही दिसतो. भाच्याने ही चाके पहिल्या बोनसमधून घेतली. रविवारी सकाळी अंगणात बसून तो जुन्या टूथब्रशने एकेक स्पोक घासतो, नटांच्या खोबणीतली लाल माती काडीने काढतो, आणि मग चार पावले मागे जाऊन बघत उभा राहतो. नवी मोठी गाडी घेण्याची ऐपत यायला अजून वर्षे आहेत. तोवर दारातल्या गाडीत आपले काहीतरी असावे, असे वाटले तर त्यात चूक काय? हौसेला मोल नसते, हे आपणही त्या वयात म्हणतच होतो. त्याच्यावर माझा राग टिकत नाही.

राग दुकानांवर आहे, आणि तो टिकणार आहे. गाडी कोण चालवतो, मागे किती जण बसतात, स्टिअरिंग कसले आहे, यातले काहीही विचारायचे नाही. चांगले टायर बदल्यात मातीमोलाने घ्यायचे, संध्याकाळपर्यंत ते भावोजींसारख्या माणसाला दामदुपटीने विकायचे, आणि मधल्या वेळेत "सर, लूक" म्हणत राहायचे. आज तिथे उभे राहून मी त्या तरुणाला "घरी अजून कोण चालवतो?" असे विचारले. तो म्हणाला, "आई. शाळेत जाते गाडी घेऊन." दुकानदाराने पाना खाली ठेवून माझ्याकडे असे पाहिले की मी तिथून निघणेच शहाणपणाचे ठरले.

सेट शेवटी मी घेतला नाही. डिचोली, साखळी, फोंडा भागात कोणाकडे घराच्या माळ्यावर आल्टोच्या बारा इंची रिम पडून असतील तर कळवावे. भाच्याला ही पोस्ट आधीच वाचून दाखवली आहे आणि तो खाली कमेंटमध्ये सविस्तर उत्तर देणार आहे. द्यावे. पण येत्या चतुर्थीला माटोळीचे सामान आणि मागे तिघांना घेऊन होंड्याच्या रस्त्याने गाडी त्यानेच चालवावी, भावोजी मोटारसायकलवर मागे बसून येतील.