'बसत नाही' म्हणजे काय हो?

'पॅकेजमध्ये बसत नाही.' सरकारी आरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराचा आधीच ठरवलेला दर असतो, ते म्हणजे पॅकेज. हे वाक्य पुन्हा कानावर पडलं तर मी खरंच किंचाळेन.

माझा मामा स्कूटरवरून पडला. मांडीचं हाड मोडलं, मनगटही गेलं. माणूस स्ट्रेचरवर विव्हळतोय आणि काउंटरवरचा पहिला प्रश्न काय, तर 'रेशनकार्ड ऑनलाइन आहे का?' आम्ही म्हटलं, महात्मा फुले योजनेत घ्या, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत. ते म्हणाले, घेतो, पण आधी सगळे एक्स-रे आणि सीटी करून आणा. ते पैसे आमचेच. का? तर भरती झाल्याशिवाय योजना सुरूच होत नाही. ओपीडी योजनेत नाही, आणि तपासणीनंतर भरती करावं लागलं नाही तर तपासणीही नाही. म्हणजे ऑपरेशन लागणार की नाही हे शोधायचं गरिबाने स्वतःच्या खिशातून, आणि लागलं तरच सरकार सोबतीला. अहो, लोक अर्ध्या वाटेवरून परत जातात ते या पहिल्याच खर्चाला घाबरून! ते कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत, कारण ते भरतीच झाले नाहीत.

आणि खरा संताप पुढे आहे.

मामाची दोन हाडं मोडली होती, म्हणजे दोन ऑपरेशनं. राज्यात महात्मा फुले योजनेला जोडून चालणाऱ्या केंद्राच्या आयुष्मान भारतच्या पॅकेजचा नियम असा की एकाच वेळी एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया केल्या, तर सगळ्यात महागडीचा पूर्ण दर, दुसरीचा ५० टक्के आणि त्यापुढच्यांचा २५ टक्के. यामागचा हिशेब मला कळतो. भूल एकदाच, बेड एकच, ऑपरेशन थिएटर एकदाच लावायचं. कागदावर ठीक आहे. पण मनगटाचं हाड अर्ध्या वेळात जुळतं का? सर्जनचे हात अर्ध्या मेहनतीत चालतात का? हॉस्पिटलला ते परवडत नाही, मग ते काय करतं? तोंडावर 'परवडत नाही' असं म्हणत नाही. म्हणतं, 'ताई, मनगटाचं प्लास्टरवर भागेल, आत्ता मांडीचंच करू.' आदल्या दिवशी त्याच डॉक्टरांनी मनगटात प्लेट घालावी लागेल असं सांगितलं होतं! एका रात्रीत हाड सुधारलं? दर हॉस्पिटल आणि योजनेने आपापसात ठरवायचे, भांडायचं त्यांनी, आणि वाकडं मनगट घेऊन आयुष्यभर जगायचं माझ्या मामाने.

असाच आणखी एक नियम: मेडिकल आणि सर्जिकल, म्हणजे औषधोपचाराचं आणि शस्त्रक्रियेचं पॅकेज एकत्र लावता येत नाही. आजार असा खाने पाडून येतो का? मधुमेह असलेल्या माणसाची साखर आटोक्यात आणल्याशिवाय त्याला टेबलावर घेता येत नाही, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. शिवाय काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव. तुमचा पेशंट खासगी रुग्णालयात भरती असेल आणि ऑपरेशन त्या यादीतलं निघालं, तर उचला आणि न्या. कशात न्यायचं, तिथे बेड आहे का, हे बघायची जबाबदारी कुणाची? नातेवाइकांची, अर्थात.

आकडे मात्र दणदणीत. हीच महात्मा फुले योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून ८ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार होते. २०१७ मध्ये नाव बदललं. जुलै २०२४ पासून ५ लाख झाले, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं. २०२५ मध्ये उपचारांची यादी १३५६ वरून २३९९ वर न्यायचं ठरलं. चांगलं आहे, मी मनापासून म्हणते. या योजनेमुळे लोकांची हृदयाची ऑपरेशनं झाली आहेत, मी पाहिली आहेत. म्हणूनच तर जीव जळतो! ५ लाखांचं कवच असलेला माणूस काउंटरवर 'क्वेरी आलीय, थांबा', म्हणजे योजनेकडून शंका आलीय, हे ऐकत का बसतो? क्वेरी कसली, तर फोटो नीट अपलोड झाला नाही. हाड मोडलेला माणूस उपाशीपोटी ऑपरेशनची वाट बघतोय आणि प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची योजनेची मंजुरी, कुठल्यातरी स्क्रीनवर अडकलंय.

मग येतात 'वरचे' पैसे. योजना कॅशलेस आहे, पेशंटकडून एक पैसा घ्यायचा नाही, हा नियम. आमच्याकडे मागितले. 'योजनेतला रॉड साधा असतो, चांगला हवा असेल तर फरक भरा.' कुठला नातेवाईक म्हणेल साधा चालेल? मामीने बांगड्या काढून दिल्या. पावती मागितली तर काउंटरवरचा माणूस असा बघायला लागला की जणू आम्हीच चोर. आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात मदतीसाठी बसवलेल्या योजनेच्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला, '१५५३८८ वर तक्रार करा.' करा! पेशंट अजून त्यांच्याच बेडवर झोपलाय, त्यांच्याच हातात त्याचा पाय आहे, आणि आम्ही त्यांच्याविरुद्ध फोन करायचा? त्या पोराची चूक नाही, तोही दिवसभर शिव्याच खातो.

आणि डिस्चार्जनंतर? फॉलोअपचा सल्ला आणि औषधं १० दिवस. मांडीचं हाड १० दिवसांत भरतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? फिजिओथेरपी महिनोन्‌महिने लागते. ती नाही झाली तर गुडघा आखडतो, आणि गुडघा आखडला तर मामा पुन्हा कामावर जाऊ शकत नाही. एवढे पैसे सरकारने रॉडवर घातले ते कशासाठी मग?

मला एवढंच हवंय. जे नाकारलं, ते मराठीत, कागदावर, कारणासकट, सही-शिक्क्यानिशी हातात द्या. कुठला नियम, कुणी लावला, आणि ती शस्त्रक्रिया वैद्यकीय कारणाने टळली की पैशांच्या. तोंडी 'बसत नाही' बंद करा. ते कागदावर लिहायची वेळ आली ना, तर निम्म्या गोष्टी आपोआप बसायला लागतील.