पिकला उंच, बोटांना बुटकी

बास गिटारची तार फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, नेमकी किती उंच असावी, हा प्रश्न ज्यांना आयुष्यात कधी पडला नाही, त्यांचा मला हेवा वाटतो. अशी माणसं जगात पुष्कळ आहेत. आमच्या घरात तर मी सोडून सगळीच तशी आहेत.

माझी अडचण अशी, की मी दोन ठिकाणी वाजवतो. रविवारी सकाळी जुन्या गाण्यांचा आमचा हौशी ऑर्केस्ट्रा. तिथे बोटांनी. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं, आवाज गोल, गुबगुबीत, गायिकेला दचकवणार नाही असा. आणि शुक्रवारी रात्री ऑफिसातल्या पोरांचा रॉक बँड. तिथे पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी चकती. पोरांना बास टणटणीत लागते; बोटांनी वाजवलं की ‘सर, काहीतरी कमी वाटतंय’ म्हणतात. सर म्हणतात, पण ऐकत नाहीत. हात दोन प्रकारचे, गिटार मात्र एकच.

१९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणली, तेव्हा केवढी सोय झाली होती! माणसाएवढा डबल बास पाठीवर वाहायला नको, आणि फ्रेट असल्यामुळे सूर जिथल्या तिथे लागणार. ही सोय करताना त्यांनी सॅडलला, म्हणजे तार ज्यावर टेकते त्या तुकड्याला, दोन-दोन बारीक स्क्रू दिले, म्हणजे ज्याला जशी हवी तशी त्यानं तार वर-खाली करावी. इथेच घात झाला. ज्या वस्तूला स्क्रू असतो ती वस्तू मराठी माणूस आहे तशी राहू देत नाही.

तार खाली घेतली की डाव्या हाताला स्वर्ग. करंगळीसुद्धा कुरकुर न करता कामाला लागते. पण जाडी ई तार छेडली की चांगली ऐसपैस झुलते, आणि जागा नसली की पुढच्या फ्रेटांवर आपटून खरखरते. वर घेतली की आवाज स्वच्छ, भरदार. मात्र तासाभरानं डावा हात माझा नसून कुणा मजुराचा आहे असं वाटू लागतं. शिवाय तार उंच असेल तर दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढा लागतो. मग सॅडल मागे-पुढे सरकवून तेही जुळवायचं. म्हणजे एका स्क्रूला हात लावला की दुसरा स्क्रू ‘आणि मी?’ म्हणून उभाच.

आता पिकला उंच की बोटांना उंच? यावर वाजवणाऱ्यांत जेवढं दुमत आहे तेवढं सोसायटीच्या सभेत पार्किंगवरूनही होत नाही. एक पक्ष म्हणतो, पिक तारेला वरच्या वर, आडवं मारतं, म्हणून तार खाली चालते. बोट तारेत रुतवून ओढायचं असतं, तिथे उंची हवी. दुसरा पक्ष बरोबर उलटं सांगतो. थोरामोठ्यांकडे पाहावं तर तेही आपल्याला वाऱ्यावर सोडतात. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगांत जेम्स जेमरसन फक्त तर्जनीनं वाजवायचे, आणि त्यांच्या गिटारच्या तारा जाड, गुळगुळीत आणि चांगल्या उंच असायच्या. जॅको पास्टोरियसही बोटांनीच वाजवणारा, पण त्याच्या बिनफ्रेटच्या बासवर तारा लाकडाला जवळजवळ चिकटलेल्या. दोघेही बोटवाले, आणि दोघेही आपापल्या जागी देव. मग आम्ही भक्तांनी करायचं काय?

शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. मी गिटार पुढे केली, त्यांनी ती परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “वाजवून दाखवा.” मी ठेवणीतले तुकडे काढले. ते गिटारकडे बघतही नव्हते, नजर माझ्या उजव्या मनगटावर. मग पिक दिलं आणि पुन्हा वाजवायला लावलं. म्हणाले, “बोटांनी सभ्य माणसासारखं वाजवता. पिक धरलं की कुणाचा तरी राग काढता. कोणाचा?” मी ऑफिसचं नाव सांगितलं नाही. त्यांचा निकाल असा: मला तरी पिकला उंच आणि बोटांना बुटकी. दुसऱ्या कुणाला उलट लागेल, ते त्याचं तो बघेल.

मोजमाप करायचं तर आधी तारा सुरात लावलेल्या हव्यात. सैल तारेवर उंची मोजणं म्हणजे नुसती करमणूक. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ताण असतो, त्याखाली गिटारची मान वाकते, आणि तिला आतल्या लोखंडी ट्रस रॉडनं मागे खेचून धरलेलं असतं. तेव्हा पहिलं काम मानेचं. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, दुसऱ्या हातानं शेवटच्या फ्रेटवर दाबायची, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते बघायचं. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. दोन्ही हात तार दाबण्यात गुंतल्यावर कार्ड कोणी घालायचं, हे कुठेच सांगितलेलं नसतं. बायकोनं घातलं. तिनं एकदा लग्नपत्रिकाही घालून पाहिली. गेली नाही, त्यामुळे मान ठीक आहे असं ठरलं.

मग तारेची उंची. मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीचा शून्य कडेपासून अंमळ आत सुरू होतो. तिनं मोजलं तर माझ्या तारा ऋण उंचीवर निघाल्या. म्हणून शून्य अगदी कडेला असलेली, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची सहा इंची स्टीलची पट्टी आणली. ती बाराव्या फ्रेटवर उभी धरायची, डोळा तारेच्या पातळीत आणायचा, आणि मोबाइलचा टॉर्च बाजूनं मारायचा. गाल गादीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, आणि बायको टॉर्च धरून विचारतेय, “किती आली?” “सव्वादोन.” “मग चांगलं की वाईट?” हा प्रश्न बासच्या संपूर्ण शास्त्रातला सर्वांत अवघड.

माझ्या सॅडलचे स्क्रू तीन मिलिमीटरचे. त्यांच्या आट्या अशा, की ॲलन कीचा, म्हणजे स्क्रू फिरवायच्या षटकोनी किल्लीचा, एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. आमच्या ठाण्याची दमट हवा आणि माझा घाम यांनी मिळून त्यांतल्या एका स्क्रूला गंज चढवलाय, तो सहज फिरत नाही. त्याच्या शेजारचा मात्र नुसत्या धाकानं फिरतो. दोन्ही सारखे न फिरवले तर सॅडल एका अंगाला कलतं आणि तार दातात काही अडकल्यासारखी किणकिणते. त्यात पावसाळा. जुलैमध्ये माझ्या गिटारची मान पुढे झुकते, हिवाळ्यात ताठ होते. मी सुट्टीच्या दिवशी केलेलं सगळं काम हवा आपल्या सोयीनं मोडून काढते.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मिरजेचा तंबोरा बाळगून आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी जिन्यात पेढे वाटले होते. एकदा मी तार फारच खाली घेतली होती आणि ई तार छेडली की सबंध खोली खरखरत होती. काका वर आले. मला वाटलं, तक्रार. तर म्हणाले, “अहो, जवारी काय सुंदर बोलतेय!” मी म्हटलं, “काका, ती काढून टाकायची आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते सांगण्यासारखं नाही. मिरजेला कारागीर जी खरखर, म्हणजे जवारी, मिळवण्यासाठी तारेखालची घोडी घासत बसतात, ती फुकट मिळालेली असताना हा इसम स्क्रू पिळून घालवतोय! ते खाली गेले आणि सुती दोरा घेऊन आले. तार आणि घोडीच्या मधे तो सरकवून, दोन बोटांनी हलकेच मागे-पुढे करत, त्यांनी पाच मिनिटं जागा शोधली. सापडली नाही, पण दोरा तसाच राहिला आणि त्या शुक्रवारी रॉक बँडमध्ये माझी ई तार नुसती ‘बुब’ करून थांबली. पोरं खूश. “सर, हा कुठला इफेक्ट आहे?”

सध्या फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. दूधवाल्याच्या हिशोबाखाली लिहिलंय: ‘शुक्रवार, पिक: अर्धा फेरा वर. शनिवार रात्र, बोटं: अर्धा फेरा खाली.’ पण स्क्रू असे रोज उठाबशा काढायला केलेले नसतात. ॲलन की आता त्यांत नीट बसत नाही, घसरते. शेवटी बायकोच म्हणाली, “एकदाची दुसरी घे.” हे वाक्य ऐकायला लोक देवळात जातात.

दुकानात मी काउंटरवरची गिटार उचलली आणि खिशातून स्टीलची पट्टी काढली. सेल्समननं विचारलं, “पिकनं वाजवता की बोटांनी?” मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, “ही बोटांची. पिकची घरी आहे. आणि ई तार जरा जास्तच वर आहे हो तुमची.”

तो एकदम अदबीनं म्हणाला, “अरे वा, मॅडमपण वाजवतात?”

“नाही,” ती म्हणाली, “मी टॉर्च धरते.”