‘थोर बाललेखक शाळेत नापास झाले होते’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

‘जगातील थोर बाललेखक शाळेत नापास झाले होते’ या मथळ्याचा एक मजकूर गेल्या महिन्याभरात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर तीन वेळा येऊन गेला. पहिल्या दोन खेपांना मी त्याकडे लक्ष दिले नाही. तिसऱ्या खेपेला तो माझ्या भाचीने वाचला. ती नववीत शिकते, कोल्हापुरात रंकाळ्याजवळ राहते आणि चौथीपासून वहीत गोष्टी लिहिते. गुरुवारी संध्याकाळी मी ताईकडे गेलो, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, आमच्याकडच्या मुली बोलतात तशी, मला म्हणाली, “मामा, मी गणिताचा क्लास सोडतोय. लुईस कॅरोल गणितात नऊ वेळा नापास झालता. मला लेखक व्हायचंय.” ताई आमटी ढवळता ढवळता थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. त्या रात्री मी तो मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला.

त्यात चार विधाने आहेत. मोठे बाललेखक अभ्यासात, विशेषतः गणितात, नापास झालेले होते. शिक्षणाने कल्पनाशक्ती मरते, म्हणून डॉक्टर, इंजिनिअर किंवा शास्त्रज्ञ झालेला माणूस मुलांसाठी लिहू शकत नाही. मुलांची गोष्ट एका बैठकीत सुचते, तिला अभ्यास किंवा पुनर्लेखन लागत नाही. आणि प्रकाशकांनी नकार देणे हीच खऱ्या प्रतिभेची खूण आहे. शेवटी एक मोबाइल क्रमांक दिला असून १५,००० रुपये भरल्यास आपल्या पाल्याचे पुस्तक तीन महिन्यांत छापून मिळेल, असे आश्वासन आहे.

पहिल्या विधानातील लुईस कॅरोलचे उदाहरण इतके उघड खोटे आहे की ते लिहिणाऱ्याने एक मिनिटही शोध घेतला नसावा. कॅरोल हे टोपणनाव आहे. ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणाऱ्या त्या माणसाचे खरे नाव चार्ल्स लुटविज डॉजसन. १८५४ साली ऑक्सफर्डच्या गणिताच्या अंतिम परीक्षेत तो पहिल्या वर्गात, यादीत सर्वांत वर होता. पुढच्याच वर्षी क्राइस्ट चर्च महाविद्यालयात तो गणिताचा व्याख्याता झाला आणि २६ वर्षे त्याने ते काम केले. युक्लिडच्या भूमितीवर आणि तर्कशास्त्रावर त्याची पुस्तके आहेत. त्याच्याविषयीच्या अफवा जुन्याच आहेत. व्हिक्टोरिया राणीला ‘ॲलिस’ आवडले म्हणून तिने लेखकाचे पुढचे पुस्तक मागवले आणि त्याने तिला गणिताचा ग्रंथ पाठवला, ही गोष्ट त्याच्या हयातीतच पसरली होती. १८९६ साली आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात त्याने ती संपूर्ण खोटी असल्याचे स्वतः छापून ठेवले. त्या काळच्या अफवेत निदान तो गणिती तरी होता. आताच्या मजकुराने त्याचे आयुष्यभराचे कामच काढून घेतले.

भाचीला हे नुसते सांगून पटले नसते. म्हणून शनिवारी मी तिला करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन गेलो आणि आम्ही ‘ॲलिस’ घरी आणले. बिळात पडल्यावर ॲलिसला आपण कोण आहोत हेच कळेनासे होते आणि आपल्याला अजून पाढे येतात का, हे ती पाहू लागते. ती म्हणते, चार पंचे बारा, चार सख्खे तेरा, चार साते... आणि मग, अरे देवा, अशाने मी वीसपर्यंत कधीच पोहोचणार नाही! बहुतेक वाचक ही लहान मुलीची गडबड समजून पुढे जातात. अभ्यासकांनी तिचा उलगडा केलेला आहे आणि तो आम्ही भाचीच्या वहीच्या मागच्या पानावर करून पाहिला.

आपण मोजताना दहा-दहाचे गठ्ठे करतो. त्याऐवजी अठराचे गठ्ठे केले, तर वीस म्हणजे एक गठ्ठा आणि वर दोन. लिहिताना ते १२ असे लिहावे लागेल. चार पंचे बारा बरोबर आले. पुढे गठ्ठा तीनने वाढवून एकवीसचा केला, तर चोवीस म्हणजे एक गठ्ठा आणि वर तीन, म्हणजे १३. चोवीसचा गठ्ठा केला, तर अठ्ठावीसचे १४ होतात. दर पायरीला गठ्ठा तीनने वाढवत गेले की उत्तर एकेकाने पुढे सरकते आणि चार बारे अठ्ठेचाळीसला, एकोणचाळीसच्या गठ्ठ्याने, १९ येतात. त्याच्या पुढे चार तेरे बावन्न. बेचाळीसचा एक गठ्ठा काढला की वर दहा उरतात, पण बेचाळीसच्या गठ्ठ्यात दहा हा अजून एकच अंक असतो, म्हणून २० काही होत नाही. ॲलिस वीसपर्यंत पोहोचणार नाही म्हणते, ते खरेच आहे. भाचीने ही पायरी दोनदा खोडून पुन्हा मांडली आणि मग पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. गणितात नऊ वेळा नापास झालेल्या माणसाच्या हातून हा विनोद लिहिला गेला असता का, याचे उत्तर तो मजकूर पाठवणाऱ्यांनी द्यावे.

नापास झालेले लेखक झालेच नाहीत, असे मी म्हणणार नाही. आर. के. नारायण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीत नापास झाले होते, हे खरे आहे. मात्र ते वर्ष त्यांनी वाचनात घालवले, पुन्हा परीक्षा दिली आणि पुढे पदवीही घेतली. परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन हा गरीब चांभाराचा मुलगा चौदाव्या वर्षी नट होण्यासाठी कोपनहेगनला गेला. तिथे गाणे, नाच, अभिनय यांपैकी काहीच त्याला साधले नाही, हेही खरे. परंतु त्यानंतर आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलांच्या वर्गात बसून त्याने शाळा पुरी केली आणि १८२८ साली विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तो उत्तीर्ण झाला. नापास होण्याचा भाग तेवढा उचलायचा आणि पुन्हा बाकावर बसण्याचा भाग गाळायचा, ही लबाडी आहे आणि नववीतल्या मुलीच्या हातात ती देणे हा अपराध आहे.

शिक्षणाने कल्पनाशक्ती मरते, हे दुसरे विधान निदान कोल्हापूरकराने तरी पुढे पाठवू नये. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी याच गावात झाला. ते केंब्रिजला गणित शिकले, १९६३ साली तिथेच पीएच.डी. झाले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला आणि पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. आमच्या पिढीने शाळेत असताना त्यांच्या विज्ञानकथा हातोहात वाचल्या. त्या लेखनाची सुरुवात कशी झाली, ती हकिकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत भाग घ्यायचा तर आपले नाव पाहून परीक्षकांचे मत झुकेल, म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. हस्ताक्षरही ओळखले जाईल, म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. त्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले बक्षीस मिळाले. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ गोष्टीच्या स्पर्धेसाठी शाळकरी मुलासारखा नाव लपवतो, यातली गंमत आणि यातला प्रामाणिकपणा दोन्ही मुलांना सांगण्यासारखे आहेत. या एका उदाहरणापुढे ते विधान उभे राहू शकत नाही.

तरीही आणखी काही नावे घेतो, कारण ही माणसे निरनिराळ्या ठिकाणांहून आली आणि येताना आपापले काम सोबत घेऊन आली. बंगालीत ‘आबोल ताबोल’ लिहिणाऱ्या सुकुमार रायांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची पदवी घेतली होती व छपाईचे तंत्र शिकायला ते १९११ साली इंग्लंडला गेले होते. सुधा मूर्ती इंजिनिअर. कोल्हापुरात शिकलेले विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. गुजरातीत मुलांसाठी लिहिणारे गिजुभाई बधेका वकील होते. वकिली सोडून ते बालमंदिरात रमले आणि त्यांच्या भरघोस मिशांमुळे लोक त्यांना ‘मिशावाली आई’ म्हणू लागले. ‘द विंड इन द विलोज’ लिहिणारा केनेथ ग्रॅहम बँक ऑफ इंग्लंडचा सचिव होता आणि १९०३ साली एका माणसाने बँकेत शिरून त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. ‘ओझ’चा जादूगार लिहिणाऱ्या फ्रँक बॉमचे पहिले पुस्तक १८८६ साली निघाले, ते हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्या पाळण्याविषयी होते, दुकानाच्या काचेत माल कसा मांडावा, यावर त्याने पुढे एक मासिकही चालवले. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ लिहिणारा रोआल्ड डाल लढाऊ विमानाचा वैमानिक होता. १९६० साली त्याच्या तान्ह्या मुलाच्या डोक्याला अपघातात इजा झाली, तेव्हा मेंदूतले पाणी काढणारी झडप वारंवार तुंबते हे पाहून त्याने एक शल्यविशारद आणि खेळण्यातल्या विमानांची इंजिने बनवणारा कारागीर यांना सोबत घेऊन नवी झडप तयार करवली. ती पुढे इतर अनेक मुलांना बसवली गेली.

एका बैठकीत गोष्ट सुचण्याच्या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढले, ही गोष्ट खरी आहे आणि ती मला मान्य करावी लागते. पण गुरुजी एम.ए. झालेले होते आणि त्यापूर्वी अमळनेरला काही वर्षे शिक्षक होते. तिथल्या छात्रालयात ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. पाच दिवसांच्या मागे ती सगळी वर्षे उभी होती. कॅरोलने नावेत बसून ॲलिसची गोष्ट सांगितली ती ४ जुलै १८६२ रोजी. पुस्तक आले १८६५ साली आणि मधल्या काळात गोष्ट जवळजवळ दुप्पट झाली. रोलिंगने हॅरी पॉटर टिश्यू पेपरवर लिहिले, असे जे मजकुरात आहे, ते तिने स्वतः नाकारलेले आहे.

राहिला प्रकाशकांचा नकार. रोलिंगला बारा प्रकाशकांनी नाकारले होते आणि बिआट्रिक्स पॉटरलाही ससोबाच्या पुस्तकाच्या २५० प्रती १९०१ साली स्वखर्चाने छापाव्या लागल्या, हे मजकुरात बरोबर दिले आहे. परंतु पॉटरची ती गोष्ट १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून आली होती. मधल्या आठ वर्षांत ती भूछत्रांचे सूक्ष्म निरीक्षण करत होती, त्यांची चित्रे काढत होती आणि १८९७ साली तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत वाचला गेला. बायकांना तिथे प्रवेश नसल्यामुळे तो दुसऱ्याने सादर केला. तिच्या चित्रातला ससा जिवंत वाटतो, तो या नजरेमुळे. तिने पैसे छपाईसाठी दिले होते. आपली मुलगी थोर आहे, हे परक्या माणसाकडून ऐकण्यासाठी दिले नव्हते. भाऊजींनी त्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा समोरच्याने भाचीची एकही गोष्ट न मागता बँकेच्या खात्याचा तपशील पाठवला. वही न वाचता जो पुस्तक काढायला तयार होतो, त्याला १५,००० रुपये का द्यायचे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. भाऊजींनी पैसे भरलेले नाहीत.

हा मजकूर ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी ज्या गटावर तो पाठवला त्याच गटावर निदान एवढे लिहावे की कॅरोल गणिताचा व्याख्याता होता. घरातली शाळकरी मुलेही ते गट वाचतात.