चेनला काळं ऑइल लावू नका

मोटरसायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की चेन स्प्रे ही लूट आहे. सर्व्हिसिंगला इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं, तेच लावा. गाडी मेन स्टँडवर घ्या, पहिला गिअर टाका आणि चेन फिरत असताना ब्रश मारा. वर चेन ताणून घट्ट ठेवा, अ‍ॅव्हरेज वाढतं.

चालू गाडीचा मुद्दा आधी घेतो, कारण यात बोटं तुटतात. फडक्याचं टोक किंवा शर्टाची बाही चेन आणि सॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या) दात्यांमध्ये गेली, की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. इंजिन बंद करा, न्यूट्रल करा आणि चाक हाताने उलटं फिरवा. उलटं फिरवल्यावर खालची बाजू मागच्या सॉकेटपासून दूर सरकते, त्यामुळे फडकं आत ओढलं जात नाही.

आता काळं ऑइल. ते काळं झालेलं असतं काजळीने. शिवाय त्यात जळणातून तयार झालेली आम्लं आणि धातूचा अगदी बारीक कीस असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणजे क्लच प्लेटची झीजही त्यातच. चेनची एक कडी जवळून पाहा: बाहेर रोलर, त्याच्या आत बुश आणि बुशच्या आत पिन. खरी झीज होते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये. १००–१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना साधी, ओ-रिंग (पिनजवळचं ग्रीस आत अडवणारी रबरी कडी) नसलेली चेन असते. तिथे हे ऑइल थेट त्या फटीत शिरतं आणि सोबत कीसही नेतं. चेनमध्ये शंभराहून जास्त कड्या असतात. प्रत्येक कडीत दशांश मिलिमीटर झीज झाली, तरी चेन सेंटिमीटरभर लांबते. लोक म्हणतात ‘चेन ताणली’, पण कड्यांच्या लोखंडी पट्ट्या ताणलेल्या नसतात, पिन आणि बुश झिजलेले असतात.

ओ-रिंगवाल्या चेनमध्ये पिनचं ग्रीस कंपनीतच आत बंद केलेलं असतं. मग बाहेरून काही लावायची गरज नाही, असं नाही. रोलर, सॉकेटचे दाते आणि ते रबर कोरडं पडू नये म्हणून वंगण लागतंच. अशी चेन साफ करताना पेट्रोल आणि तारेचा ब्रश टाळा, रबर खराब होतं. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. आणि काळं ऑइल हाताला रोज लागू देऊ नका. वारंवार, दीर्घकाळ संपर्क आला तर त्वचेच्या कॅन्सरचा धोका असतो, असा इशारा गाडीच्या मॅन्युअलमध्येही छापलेला असतो.

स्प्रेबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. महागडा डबा लागतोच असं नाही. नव्वद नंबरचं नवं गिअर ऑइल चालतं, अनेक मॅन्युअलमध्ये तेच सांगितलेलं असतं. साधारण ५०० किलोमीटरला एकदा लावा, पावसाळ्यात किंवा चिखलाच्या रस्त्यावर त्याआधीच. गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असताना तिच्या खालच्या भागाला आतल्या बाजूने थेंब सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी बाहेरचं जास्तीचं पुसून घ्या. न पुसलेल्या ऑइलवर धूळ बसते.

घट्ट चेनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही, उलट चाक जड फिरतं. खड्ड्यात मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) वर जातो. पुढचं सॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. तेवढी ढील ठेवली नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो, आणि ती दुरुस्ती चेन सॉकेटपेक्षा कितीतरी महाग पडते. बऱ्याच गाड्यांना चेनच्या मधोमध २५ ते ३५ मिलिमीटर वर-खाली खेळ लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सगळ्यात ताठ लागेल तिथला आकडा धरून सेट करा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबती, असा मोठा फरक दिसला तर कितीही ऑइल घालून उपयोग नाही. चेन आणि दोन्ही सॉकेट एकत्रच बदला.